माईंच्या संगणकाचे डोळे

वाईला कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर आमचा जुना वाडा आहे. वाड्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत माई राहतात. त्या आमच्या नात्यातल्या नव्हेत. परंतु त्यांच्या हातचा खाऊ खाऊन वाढलेल्या आम्हां मुलांना तो भेद कधी जाणवला नाही. माईंनी २८ वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना शिकवले. आता त्यांचे वय ७२ वर्षांचे आहे.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने त्यांना एक लॅपटॉप आणून दिला. आरंभी माई त्याच्याकडे दुरूनच पाहत. पुढे मात्र एकेक अक्षर शोधीत, एकाच बोटाने त्या मराठी टंकलेखन करू लागल्या. त्यांनी मनाशी एक संकल्प केला होता. त्यांची आई आणि आजी पहाटे जात्यावर दळताना ज्या ओव्या म्हणत, त्या आठवतील तशा लिहून काढायच्या. ‘घरोघरची जाती गेली; त्यांच्याबरोबर ओव्याही जाऊ नयेत,’ असे त्या म्हणत. गेल्या दिवाळीपर्यंत त्यांच्या ३१८ ओव्या लिहून झाल्या होत्या. त्या सर्व त्या एका लॅपटॉपमध्येच होत्या. दुसरी प्रत कोठेही नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीतला पहिलाच दिवस होता. सकाळी माईंनी मला हाक मारली आणि हसत म्हणाल्या, “अरे, माझ्या संगणकाचे डोळे आलेत बघ!”

मी धावतच गेलो. पाहतो तो पडद्यावरची अक्षरे भलतीच मोठी आणि पुसट झालेली. माईंच्या नातवाचे छायाचित्र कोणी दोन्ही बाजूंनी ओढून रुंद करावे तसे दिसत होते. पडद्याचा उजेड कमीअधिक करण्याची कळ कितीही दाबली, तरी उजेड होता तेवढाच राही. चित्रफीत लावली, तर ती अडखळत अडखळत चाले.

मी सातवीत आहे. शाळेत संगणक शिकतो, याचा मला मोठा अभिमान वाटे. मी काही न विचारता कळा दाबू लागलो. हे बदलून पाहिले, ते बदलून पाहिले. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. अक्षरे लहान झाली, पण अधिकच पुसट झाली. अर्धा तास गेला तरी यश येईना. तेव्हा माझा राग माईंवर निघाला.

“माई, तुम्हीच काहीतरी भलते दाबले असणार! कळत नाही तर हात कशाला लावता?”

माईंचा चेहरा एकदम उतरला. “नाही रे, मी काही केले नाही,” एवढेच त्या हळूच म्हणाल्या.

“मग आता एकच उपाय. यातले सगळे पुसून टाकायचे आणि संगणक नव्याने भरायचा,” मी ऐटीने सांगितले.

माईंनी लॅपटॉपचे झाकण निमूटपणे मिटले आणि त्यावर दोन्ही हात ठेवून त्या बसून राहिल्या. त्या हातांखाली त्यांच्या आईच्या ३१८ ओव्या होत्या, हे त्या क्षणी माझ्या ध्यानातही आले नाही.

दुसऱ्या दिवशी माझी ताई पुण्याहून आली. ती अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. ती माईंकडे निघाली तेव्हा मीही मागोमाग गेलो. मला वाटले, ताई आता भराभर कळा दाबील आणि पाच मिनिटांत सर्व ठीक करील. परंतु ताईने लॅपटॉपला हातच लावला नाही. ती माईंजवळ बसली, चहा घेतला आणि मग म्हणाली,

“माई, हा संगणक शेवटचा चांगला कधी चालला होता? आणि यात तुमचे मोलाचे काय काय आहे?”

माईंनी ओव्यांविषयी सांगितले. ताईने आपल्या पिशवीतून पेनड्राइव्ह काढला आणि सर्वांआधी ओव्यांची फाइल त्यावर उतरवून घेतली. ती उघडून, सगळ्या ओव्या नीट आल्या आहेत, हे तिने माईंना दाखवले. “आता संगणकाचे काहीही होवो, तुमच्या ओव्या सुरक्षित आहेत,” ती म्हणाली. तेव्हा कोठे माईंनी मोकळा श्वास घेतला.

मग ताई माझ्याकडे वळली. “काल तू यात काय काय बदललेस?”

मला आठवेना. मी मान खाली घातली.

“हीच पहिली चूक,” ती शांतपणे म्हणाली. “दहा गोष्टी एकदम बदलल्या, तर बिघाड कशाने झाला हेही कळत नाही आणि कशाने सुधारला हेही कळत नाही. आज तू वही घेऊन बस. मी एका वेळी एकच गोष्ट करीन. ती तू लिहायची.”

मी वही आणली. माईंनाही कुतूहल वाटू लागले. त्यांनी विचारले, “अगं, पण याला झाले आहे तरी काय?”

ताई सांगू लागली. “माई, या पडद्यावर बारीक बारीक ठिपके आहेत. आडव्या ओळीत १९२० आणि उभ्या ओळीत १०८०. म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके. त्या प्रत्येकात तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन रंग असतात. कोणत्या ठिपक्याने कोणता रंग दाखवायचा, हे एका सेकंदात ६० वेळा ठरवावे लागते. हे काम संगणकातला एक खास भाग करतो. त्याला ग्राफिक्सचा भाग म्हणतात. परंतु निरनिराळ्या कारखान्यांतले हे भाग निरनिराळ्या घडणीचे असतात. संगणकाची मुख्य कार्यप्रणाली, म्हणजे इथे विंडोज, या प्रत्येकाची घडण कशी जाणणार? म्हणून त्या दोघांच्या मध्ये एक आज्ञावली असते. तिला ‘ड्रायव्हर’ म्हणतात.”

“म्हणजे आपल्या एस. टी. चा ड्रायव्हर?” माईंनी हसून विचारले.

“अगदी तसाच! माई, समजा, वाईहून पाचगणीला एस. टी. निघाली आहे. पसरणीच्या घाटातले प्रत्येक वळण ठाऊक असलेला ड्रायव्हर असला, तर गाडी कशी सुरळीत चढते! पण तो आयत्या वेळी आला नाही, तर आगारातला दुसरा कोणीतरी बसवावा लागतो. त्याला हा घाट ठाऊक नाही. तो गाडी पहिल्याच गिअरमध्ये हळूहळू नेतो. गाडी पोहोचते, पण रखडत. विंडोजजवळही असा एक बदलीचा ड्रायव्हर असतो. खरा ड्रायव्हर नाहीसा झाला किंवा बिघडला, की तो कामावर येतो. त्यामुळे पडदा अगदीच काळा पडत नाही. परंतु अक्षरे मोठी दिसतात, चित्रफीत अडखळते, उजेड कमीअधिक होत नाही. तुमच्या संगणकाला असेच काही झाले असावे. मात्र ‘असावे’ म्हणून चालायचे नाही. आपण पाहू.”

प्रथम ताईने विंडोजमध्ये परतीची एक खूण करून ठेवली. तिला ‘रिस्टोअर पॉइंट’ म्हणतात. पुढे काही बिघडलेच, तर त्या खुणेपर्यंत मागे येता येते. मग तिने सर्वांत साधा उपाय केला. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा तिने एकदम दाबल्या. पडदा क्षणभर काळा झाला आणि बारीकसा आवाज आला. या कळांनी ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा नव्याने सुरू होतो. लिहिलेले काही पुसले जात नाही. तथापि अक्षरे होती तशीच राहिली. “लिही,” ताई मला म्हणाली, “पहिला उपाय केला, गुण आला नाही.” गुण आला नाही हेही लिहावयाचे असते, हे मला तेव्हा प्रथम कळले.

त्यानंतर तिने स्टार्टच्या चिन्हावर उजवी कळ दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडला. संगणकाच्या सर्व भागांची ती यादी होती. तीतील ‘डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्स’ या ओळीखाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर’ असे लिहिलेले होते.

“हाच तो बदलीचा ड्रायव्हर!” ताई म्हणाली. “आणि हे पाहा, २०,७३,६०० ठिपक्यांच्या पडद्यावर तो आडवे १०२४ आणि उभे ७६८ एवढ्याच ठिपक्यांचे चित्र ताणून बसवतो आहे. म्हणजे ७,८६,४३२, निम्म्याहूनही कमी. म्हणून तर नातवाचा चेहरा रुंद झाला आणि अक्षरे पुसट झाली. बिघाड सापडला. पण बिघाड सापडणे आणि त्याचे कारण सापडणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. खरा ड्रायव्हर गेला कोठे?”

मी मध्येच म्हणालो, “ताई, एवढ्याशा आज्ञावलीने एवढा गोंधळ होतो?”

“याहून कितीतरी मोठा होतो,” ताई म्हणाली. “१९ जुलै २०२४ रोजी संगणकांच्या रक्षणासाठी असलेल्या एका आज्ञावलीला तिच्या कंपनीने एक सदोष फाइल पाठवली. ही आज्ञावलीसुद्धा ड्रायव्हरप्रमाणेच विंडोजच्या अगदी गाभ्यात काम करीत होती. त्या एका फाइलमुळे जगातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमाने खोळंबली. आपल्या देशातल्या विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. आणि दुरुस्ती कशी झाली, ठाऊक आहे? कित्येक ठिकाणी माणसांना एकेका संगणकापाशी जाऊन, तो ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे अगदी आवश्यक तेवढ्याच ड्रायव्हरांवर सुरू करून, ती फाइल हाताने काढावी लागली.”

एवढे बोलून ती माईंकडे वळली. तिचा आवाज अधिकच मृदू झाला. “माई, हा त्रास ज्या दिवशी सुरू झाला, त्या दिवशी काही वेगळे घडले होते का?”

माई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले.

ताई पुढे म्हणाली, “मी पहिल्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट सांगते. एकदा घाईघाईत मी आमच्या गटाचा तीन आठवड्यांचा प्रकल्पच पुसून टाकला. दोन दिवस मी कोणाला सांगितले नाही. लाज वाटत होती. शेवटी सांगितले, तेव्हा कळले की, लगेच सांगितले असते, तर तो बराचसा परत मिळाला असता.”

माईंनी वर पाहिले. मग त्या संथपणे बोलू लागल्या. “त्या दिवशी दुपारी मी कीर्तन ऐकत होते. तेवढ्यात पडद्यावर तांबडी चौकट आली. ‘तुमचे ड्रायव्हर जुने झाले आहेत, संगणक धोक्यात आहे, त्वरित येथे दाबा,’ असे काहीसे लिहिले होते. मी घाबरले. ओव्या जातील, या भीतीने दाबले. नंतर काहीतरी बराच वेळ चालले होते आणि मग हे असे झाले. मी हे कालच सांगणार होते, पण...” त्या थांबल्या आणि त्यांची दृष्टी ओझरती माझ्याकडे वळली.

काल मी काय बोललो होतो, ते मला शब्दन्‌शब्द आठवले. जे कारण मी अर्धा तास कळा दाबून शोधीत होतो, ते माईंच्या ओठांवर होते. आणि माझ्याच बोलण्याने ते तेथेच अडले होते.

“माई, तुमची चूक नव्हे,” ताई म्हणाली. “ज्यांनी ती चौकट केली, त्यांनी ती माणसाने घाबरावे म्हणूनच केली होती. खरी कार्यप्रणाली अशी भीती घालीत नाही. त्यांनी बँकेचा क्रमांक, पैसे असे काही मागितले का?”

“नाही ग. मी काही दिले नाही.”

“मग उत्तम. दिले असते, तर विलंब न लावता बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे लागले असते. पैशांच्या संगणकीय फसवणुकीची तक्रार घेण्यासाठीच तो क्रमांक आहे.”

ताईने संगणकातील आज्ञावल्यांची यादी उघडली. तीत प्रत्येकीपुढे ती केव्हा बसवली, तो दिनांक होता. माईंनी सांगितलेल्या दिवशीच बसवलेली एक अनोळखी आज्ञावली तेथे सापडली. ड्रायव्हर सुधारण्याच्या नावाखाली तिने खरा ड्रायव्हर काढून भलताच बसवला होता. तो चालला नाही, म्हणून विंडोजने बदलीचा ड्रायव्हर कामाला लावला होता. ताईने ती आज्ञावली काढून टाकली, विषाणू शोधण्याची पूर्ण तपासणी चालवली आणि मी सर्व वहीत लिहिले.

मग तिने लॅपटॉप उलटा करून त्याच्या तळावरचा नमुना-क्रमांक मला वाचावयास सांगितला. त्या क्रमांकानुसार तिने लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून नेमका त्याच लॅपटॉपचा ग्राफिक्स ड्रायव्हर उतरवून घेतला. “औषध जसे ओळखीच्या वैद्याकडूनच घ्यावे, तसा ड्रायव्हर संगणकाच्या कंपनीकडून किंवा विंडोजच्या स्वतःच्या सुधारणांतूनच घ्यावा, जाहिरातीतून कधी घेऊ नये,” ती म्हणाली.

“आता शेवटची कळ तुम्ही दाबा, माई.”

“मी?” माईंनी हात आखडता घेतला.

“हो, तुम्हीच. पडदा थोडा वेळ काळा होईल. घाबरू नका. नवा ड्रायव्हर जागेवर बसत असतो.”

माईंनी कळ दाबली. पडदा काळा झाला. ते पाच-सात क्षण फार मोठे वाटले. माईंनी ताईचा हात घट्ट धरला होता. आणि मग पडदा उजळला! अक्षरे लहान, रेखीव, काळीभोर दिसू लागली. नातवाचा चेहरा पुन्हा गोल झाला. माईंनी उजेडाची कळ दाबली, तसा उजेड कमी झाला. पुन्हा दाबली, वाढला. ताईने संगणक दोनदा बंद करून सुरू केला, चित्रफीत चालवून पाहिली आणि मगच ‘काम झाले’ असे म्हटले.

जाण्यापूर्वी ताईने माझ्या वहीतून एक पान मोठ्या अक्षरांत लिहून माईंच्या भिंतीवर लावले. त्यावर लिहिले होते:

१. महिन्यातून एकदा ओव्यांची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी.
२. पडद्यावर भीती घालणारी चौकट आली, तर काही न दाबता कोणाला तरी विचारावे.
३. पडदा बिघडला, तर प्रथम विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळा दाबून पाहाव्यात.
४. योग्य मार्गाने आलेल्या नव्या ड्रायव्हरने त्रास झाला, तर डिव्हाइस मॅनेजरमधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने जुना परत आणावा. ती कळ फिकट दिसत असेल, तर जुना ड्रायव्हर जवळ नाही असे समजावे.
५. पडदा काळाच राहिला, तर सेफ मोडचा मार्ग आहे. त्या वेळी काही संगणक ४८ अंकांची किल्ली मागतात. ती आधीच शोधून ठेवावी.
६. काय घडले ते न लाजता सांगावे.

सहावी ओळ वाचून मी माईंजवळ गेलो. “माई, काल मी फार वाईट बोललो. माझे चुकले.”

माईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “अरे, आमच्या लहानपणी जात्याला टाकी लावायला एक बाई येत असे. दळून दळून जाते गुळगुळीत झाले, की छिन्नीने त्याला पुन्हा खडबडीत करावे लागे. पण ती आल्याआल्या कधी छिन्नी उचलीत नसे. आधी आईजवळ बसे आणि विचारी, ‘पीठ कसे पडते, बाई? जाड की बारीक?’ आईने सांगितले, की मगच दगडाला हात लावी. जाते कोणाचे, हे ती जाणत होती.”

त्या दिवसापासून मी कोणाचा संगणक पाहावयास गेलो, की प्रथम हात मांडीवर ठेवून बसतो आणि विचारतो. माईंच्या ओव्या आता ३५० झाल्या आहेत. महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या मला हाक मारतात. प्रत घेण्यासाठी नव्हे, कारण ती त्या स्वतःच घेतात. ती नीट उतरली आहे ना, एवढेच त्या मला पाहावयास सांगतात.

स्वाध्याय

१. माईंनी कोणता संकल्प केला होता? तो त्यांना का महत्त्वाचा वाटत होता?
२. लेखकाने पहिल्या दिवशी केलेल्या चुका क्रमाने सांगा.
३. ताईने लॅपटॉपला हात लावण्यापूर्वी काय काय केले? त्याचा पुढे कोणता उपयोग झाला?
४. ड्रायव्हरचे काम समजावण्यासाठी ताईने पसरणीच्या घाटाचा दाखला कसा दिला, ते आपल्या शब्दांत लिहा.
५. ‘बिघाड सापडणे आणि त्याचे कारण सापडणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.’ हे या पाठातील प्रसंगावरून स्पष्ट करा.
६. ताईने आपल्या चुकीची हकीकत माईंना का सांगितली असावी?
७. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा: चेहरा उतरणे, मान खाली घालणे, हात आखडता घेणे, मोकळा श्वास घेणे.
८. आपल्या घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या व्यक्तीला संगणक अथवा भ्रमणध्वनी वापरताना कोणती अडचण येते, ते विचारा. त्यांचे बोलणे मध्ये न तोडता ऐका व दहा ओळींत लिहून काढा.